उडी कुणाची, पैसा कुणाचा?

२०२५ च्या १ जुलैपासून कुवेतमध्ये खासगी कंपन्यांत काम करणाऱ्या आम्हा परदेशी लोकांना, म्हणजे इथल्या भाषेत 'आर्टिकल १८'वाल्यांना, देशाबाहेर जायचं तर एक्झिट परमिट घ्यावं लागतं. सरकारच्या 'साहेल' ॲपवर अर्ज टाकायचा, कंपनीनं होकार द्यायचा, मग बॅग भरायची. माझा अर्ज दीड दिवसात मंजूर झाला, तक्रार काहीच नाही. पण तिकीट हातात असताना कुणाच्या तरी 'हो'ची वाट पाहायची, हा अनुभव गंमतीचा होता. दर तासाला फोन उघडून बघत होतो. अशाच एका वेळी फोनवर बातमी दिसली: फेलिक्स बाऊमगार्टनर गेला. १७ जुलै २०२५, इटलीत, मोटर लावलेल्या पॅराग्लायडरवरून कोसळून. वय ५६.

ज्यांना नाव आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी ३९ किलोमीटर उंचीवरून, फुग्याखाली टांगलेल्या कुपीतून उडी मारणारा ऑस्ट्रियन माणूस तो हाच. मी तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. रविवार होता, नवरात्र तोंडावर आलेलं. हॉस्टेलच्या एका खोलीत अकरा जण एका लॅपटॉपसमोर. उड्डाण आपल्या वेळेनुसार रात्री नऊच्या सुमाराला झालं आणि उडी साडेअकरानंतर. मधले अडीच तास आम्ही एक फुगा वर जाताना बघत होतो! नेट मधेच अडकायचं, गोल फिरत राहायचं, कुणीतरी शिव्या घालायचं. शेवटी तो पायरीवर उभा राहिला, सलाम केला आणि पडला. यूट्यूबवर त्या क्षणी जगभरातून ऐंशी लाखांवर प्रेक्षक होते. आवाजाचा वेग ओलांडला त्यानं, ताशी १,३५७ किलोमीटर. आणि त्या कुपीवर, सूटवर, हेल्मेटवर, पॅराशूटवर एकाच कंपनीचं नाव होतं. एनर्जी ड्रिंकचं. त्या रात्री हॉस्टेलच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर आमच्यातल्या चौघांनी तेच पेय मागितलं, हे मला स्पष्ट आठवतं. टपरीवाल्याकडे नव्हतं, मग चहा घेतला.

यावर लिहावंसं वाटलं ते मात्र बाऊमगार्टनरमुळे नाही, माझ्या मावसबहिणीमुळे.

सुट्टीत नाशिकला पोचलो तर दुसऱ्याच दिवशी ती लॅपटॉप घेऊन हजर. वय २३, कॉलेजात एनसीसी केलेली, पॅरासेलिंग करून आलेली. आता तिला स्कायडायव्हिंगचा रीतसर कोर्स करायचाय, लायसन्स घ्यायचंय आणि पुढं चार-पाच वर्षांत हिमालयात मोठी उडी मारायचीय. त्यासाठी तिनं चौदा पानांचं एक पीडीएफ बनवलेलं. टायटल स्पॉन्सर, गोल्ड स्पॉन्सर, सिल्व्हर स्पॉन्सर. पॅराशूटवर लोगो लावायचे इतके, हेल्मेटवरचे तितके, दोन्ही दंडांवर वेगळे दर. पोस्टर चांगलं होतं हो. मग हळूच म्हणाली, "दादा, तुझी कंपनी देईल का काही? नाहीतर तुमचं तिकडचं मंडळ?"

परदेशात राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. गणपतीची वर्गणी, शाळेची खोली, मारुतीच्या देवळाचा कळस, सगळ्या पावतीपुस्तकांत आपलं एक पान राखलेलं असतं. पण आखातातल्या माणसाला 'स्पॉन्सर' हा शब्द जरा वेगळाच ऐकू येतो. इथं स्पॉन्सर म्हणजे कफील. ज्याच्या नावावर तुमचा इकामा, ज्याच्या सहीवर तुमचं येणं-जाणं, तो. चांगला कफील मिळाला तर तुम्हाला तो आहे हे विसरायलाही होतं. वाईट मिळाला तर पदोपदी आठवतो. त्यामुळे बहिणीनं विचारलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न 'किती देतील' हा आलाच नाही. देणाऱ्याच्या हातात सही कुठली राहील, हा आला.

उंचावरून उड्या मारायचा इतिहास थोडा चाळला तर पैसा देणारे निरनिराळे दिसतात. जो किटिंगर हा अमेरिकी हवाई दलाचा कॅप्टन. १६ ऑगस्ट १९६० रोजी १,०२,८०० फुटांवरून, उघड्या टोपलीतून त्यानं उडी टाकली. पैसा सरकारचा, आणि सरकारला विक्रम नको होता, उत्तर हवं होतं: फार उंचावर विमान सोडावं लागलं तर वैमानिक जिवंत खाली येईल कसा? त्या उंचीवर हवा इतकी विरळ की शरीर भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. त्याआधीच्या वर्षी पहिल्याच प्रयोगात किटिंगर असा फिरून बेशुद्ध पडला होता आणि आपोआप उघडलेल्या पॅराशूटनं वाचला. हे फिरणं टाळायलाच त्यांनी शरीर स्थिर ठेवणारं छोटं पॅराशूट तयार केलं होतं. १९६० च्या उडीत वर जाताना त्याच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला, हात सुजून निकामी झाला. त्यानं खाली लगेच कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर उड्डाण थांबवलं असतं. सरकारी पैशातही माणूस लपवाछपवी करतो, हे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या टोकाला निक पियान्टानिडा. न्यू जर्सीचा ट्रक ड्रायव्हर. कंपन्यांकडे फिरून, उसनंपासनं सामान गोळा करून हा गडी १९६६ च्या फेब्रुवारीत १,२३,५०० फुटांवर पोचला. किटिंगरपेक्षा कितीतरी वर. आणि तिथं त्याची ऑक्सिजनची नळी टोपलीपासून सुटेना. थंडीनं जोड गोठलेला. उडी मारताच आली नाही, टोपलीत बसूनच खाली आला, त्यामुळे उडीचा विक्रम नाही. तीन महिन्यांनी, १ मे १९६६ ला पुन्हा गेला. ५७ हजार फुटांच्या आसपास दाब गेला, मेंदूला इजा झाली, कोमात गेला आणि ऑगस्टमध्ये वारला.

फ्रान्सचे मिशेल फुर्निए निवृत्त सैनिकी अधिकारी. घरदार विकून पैसा उभा केला त्यांनी. मे २००८ मध्ये कॅनडात त्यांचा फुगा भरून तयार होता, आणि कुपीपासून सुटून एकटाच आकाशात निघून गेला. साठी ओलांडलेला माणूस खाली उभा राहून बघत राहिला. तो व्हिडिओ मी बहिणीला दाखवला. ती हसली, मग गप्प झाली.

आता बाऊमगार्टनरकडे परत येतो. १४ ऑक्टोबरची तारीख सगळ्यांना आठवते, ९ ऑक्टोबरची कुणाला आठवत नाही. त्या दिवशी तो कुपीत बसला होता, फुगा भरत होता, कॅमेरे सुरू होते. वाऱ्याचा झोत आला आणि मोहीम रद्द झाली. त्या फुग्याचं प्लास्टिक सँडविच गुंडाळायच्या पिशवीहूनही पातळ, एकदा उलगडला की पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे तो गेला. दुसरा फुगा तयार होता. पाच दिवसांनी हवा चांगली मिळाली, उडी झाली.

माझ्या मते त्या कंपनीच्या पैशानं विकत घेतलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ही होती. उंची नव्हे, सूटही नव्हे. 'आज नको' म्हणायची ऐपत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला फार मान आहे. गुरुवारी दुपारी नवीन आवृत्ती चढवायची नाही (इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवार), हा नियम पाळायला मागं भक्कम माणूस लागतो. ग्राहकाला 'रविवारी देतो' सांगणारा. तो नसेल तर गुरुवारीच चढवता आणि दोन दिवस झोपत नाही. उसन्या पैशावर हेलिकॉप्टर तासानं भाड्यानं घेतलेला माणूस 'आज नको' कसं म्हणणार? उद्याचे पैसेच नसतात.

पैशानं आणखीही बरंच आणलं, हे मान्य करायला हवं. किटिंगर स्वतः, वय ८४, रेडिओवर बाऊमगार्टनरला एकेक पायरी सांगत होते. वैद्यकीय प्रमुख होते डॉ. जोनाथन क्लार्क. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला गेली, त्याच यानात त्यांच्या पत्नी लॉरेल क्लार्क होत्या. उंचावर माणूस वाचवायचा कसा, या प्रश्नावर ते का काम करत होते हे वेगळं सांगायला नको. जाहिरातीच्या पैशातून अशा माणसाला प्रयोगशाळा मिळाली, तर मला त्यात वावगं दिसत नाही.

पण हीच कंपनी, हेच पेय. नोव्हेंबर २००९ मध्ये झुरिकमध्ये उएली गेगेनशात्झ नावाच्या नावाजलेल्या स्विस उडीपटूनं याच कंपनीच्या प्रसिद्धी कार्यक्रमात एका टॉवरवरून उडी मारली. वाऱ्यानं दगा दिला. दोन दिवसांनी तो गेला. आणि एप्रिल २०२२ चा किस्सा तर भलताच. अमेरिकेत ल्यूक एकिन्स आणि अँडी फॅरिंग्टन या दोघा चुलतभावांनी हवेत आपापली विमानं सोडून एकमेकांच्या विमानात शिरायचा खेळ ठरवला. वैमानिकाशिवाय विमान सोडायला तिथल्या हवाई खात्याची सूट लागते. दोन दिवस आधी खात्यानं सूट नाकारली, यात लोकहित दिसत नाही म्हणून. तरी थेट प्रक्षेपणाची वेळ ठरलेली, सगळी जुळवाजुळव झालेली. खेळ झाला. एक विमान गिरक्या घेत वाळवंटात पडलं. जीव कुणाचा गेला नाही. पुढच्या महिन्यात दोघांचीही वैमानिकाची लायसन्स रद्द झाली. लायसन्स कंपनीच्या नावावर नसतं ना! सरकारनं 'आज नको' म्हटलं होतं, पण घड्याळ प्रक्षेपणाचं चालू होतं.

आपल्याकडे काय? १६ वर्षांच्या आतल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण फुग्याच्या उंचीचा एक जागतिक विक्रम थेट आमच्या सिन्नर तालुक्यात उतरलाय. २६ नोव्हेंबर २००५ रोजी रेमंडचे विजयपत सिंघानिया, वय ६७, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यात बसून निघाले, ६८ हजार फुटांच्या वर गेले आणि पांचाळे गावाजवळ उतरले. ६३ हजार फुटांच्या वर हवेचा दाब इतका कमी की उघड्या शरीरातलं पाणी शरीराच्याच उष्णतेनं उकळू लागतं, म्हणून बंद, दाब राखलेली कुपी. मी तेव्हा नववीत. लग्नात आहेर म्हणून ज्याचे सूटपीस येतात तो माणूस आकाशातून आपल्या जिल्ह्यात पडला, याचं आम्हाला काय कौतुक! इथं स्पॉन्सर शोधायचा प्रश्नच नव्हता. उडणारा आणि कंपनीचं नाव घराघरांत नेलेला एकच.

शीतल महाजनांचं तसं नाही. पुण्याची मुलगी, १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी. आयुष्यातली पहिली उडी, सरावाची एकही नाही. डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकात ११,६०० फुटांवरून. २०११ मध्ये पद्मश्री. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून. इथं इंजिनीअरचा एक खडा: २१,५०० हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा. त्या उतरल्या काला पत्थरला, जे स्वतःच जवळपास साडेसतरा हजार फुटांवर. म्हणजे हातात हवा फक्त चार हजार फुटांची, तीही विरळ, ज्यात पॅराशूट जास्त वेगानं खाली येतं. ऐकायला आकडा मोठा वाटतो, खरी अवघड गोष्ट आकड्याच्या बाहेर आहे.

पण तुमच्या-माझ्या व्हॉट्सॲपवर त्यांची कुठली उडी आली? फेब्रुवारी २०१८ ची, थायलंडमध्ये पट्टायाला १३ हजार फुटांवरून नऊवारी नेसून मारलेली. मलाही तीच आली, चार ग्रुपवरून. नऊवारीत उडी सोपी नाही, सुटलेला पदर हँडलवर किंवा दोरीत गेला तर खेळ खल्लास. धाडसाला माझा सलामच. तरी मनात येतं की अंटार्क्टिकाची उडी आपण एवढी फिरवली का? नाही. आपण प्रेक्षकही एक प्रकारचे स्पॉन्सरच, आणि आपल्यालाही वेष्टन लागतं. हे मी कुवेतला ऑफिसात बोललो तर माझ्या मल्याळी सहकाऱ्यानं लगेच कोझिकोडच्या जितिन विजयनचं नाव काढलं, ज्यानं जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत टेनेसीला विमानातून ४२,४३१ फुटांवरून उडी मारली. "आमचा आयटीवाला," म्हणाला. मी ते नाव ऐकलंही नव्हतं. त्यानं शीतल महाजनांचं ऐकलं नव्हतं. फिट्टंफाट.

विक्रमांचं आणखी एक. बाऊमगार्टनरच्या उडीनंतर महिन्याभरातच, १० नोव्हेंबर २०१२ ला, कुवेतनं राज्यघटनेच्या पन्नाशीनिमित्त ७७,२८२ फटाके उडवून गिनेसमध्ये नाव घातलं. इथले जुने लोक अजून ती रात्र सांगतात. चौदा महिने टिकला तो विक्रम, मग दुबईनं पावणेपाच लाखांच्या वर फटाके उडवले. किटिंगरची उंची ५२ वर्षं टिकली. बाऊमगार्टनरची दोन वर्षं दहा दिवस.

ती मोडली ॲलन युस्टेसनं, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, ४१.४ किलोमीटरवरून. हा माझा आवडता माणूस, कारण आमच्याच धंद्यातला. गूगलचा सीनियर व्हाइस प्रेसिडेंट, कॉम्प्युटर सायन्सचा डॉक्टर, वय ५७. कुपी नाही, काही नाही. सूट घालून सरळ फुग्याखाली लटकला आणि वर गेला. जवळपास तीन वर्षं गुपचूप तयारी. गूगलनं मदत देऊ केली होती, ती त्यानं नाकारली. कंपनीची जाहिरात व्हायला नको म्हणून. थेट प्रक्षेपण नाही, त्यामुळे घड्याळाचा धाक नाही. उडी झाली, मग बातमी आली. आजही दहा जणांना विचारा सर्वांत उंचावरून कुणी उडी मारली, नऊ जण बाऊमगार्टनर म्हणतील. युस्टेसला त्याचं काही वाटत असेल असं दिसत नाही. अर्थात गूगलमधल्या त्या पदावरच्या माणसाला स्वतःच्या खिशातून हे परवडतं, हेही खरं. माझ्या बहिणीला युस्टेस हो सांगून उपयोग नाही.

म्हणून आम्ही दोघांनी पीडीएफ घेऊन बसायचं ठरवलं. तिच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं: 'आपल्या सीएसआर निधीतून सहकार्य करा.' हे आधी काढायला लावलं. कंपनी कायद्यातल्या दोन टक्क्यांच्या तरतुदीत खेळाचं प्रशिक्षण बसतं, पण ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक, ऑलिम्पिक असं. आणि २०२१ पासूनच्या नियमांत स्पष्ट आहे की जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआर धरली जाणार नाही. म्हणजे हेल्मेटवर लोगो दिला की तो पैसा मार्केटिंगच्या खात्यातून यायला हवा, आणि मार्केटिंगवाला विचारणार, फुटेज कधी मिळेल? तारीख द्या. तिथं घड्याळ सुरू होतं.

"मग तारीख द्यायचीच नाही का?" ती म्हणाली.

"दे. पण रद्द कुणी करायचं ते आधी लिही."

तासभर वाद झाला. तिचं म्हणणं, अशा अटी घातल्या तर पहिल्यांदाच येणाऱ्या मुलीला कोण उभं करेल? बरोबर आहे तिचं. माझं म्हणणं एवढंच की साध्या अपघात विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तिच्या चौदा पानांच्या बजेटमध्ये विम्याला एक ओळ नव्हती. खराब हवेमुळे थांबावं लागलं तर राहण्या-जेवणाचे पैसे नव्हते. लोगोच्या जागांचे मात्र अकरा दर होते.

मी कुवेतला परतल्यावर तिनं सुधारलेली प्रत पाठवली. नऊ पानांची. हिमालय पार शेवटच्या पानावर गेलाय. आधी कोर्स, मग लायसन्सपुरत्या पंचवीस उड्या. विमा आलाय, वाट पाहायचे सहा दिवस आलेत, आणि एक ओळ: 'उडी रद्द करण्याचा निर्णय फक्त प्रशिक्षकाचा आणि माझा राहील.' मंडळाकडे मी काही मागितलं नाही. विमा आणि ते सहा दिवस माझ्याकडून, दिनारांत हिशेब केला तर झेपण्यासारखं आहे. स्टिकर कुठं लावू, असं तिनं विचारलं. नको म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तिची मेडिकल आहे. मावशीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही, ते काम माझ्या गळ्यात आलंय. हे छापून यायच्या आत फोन करायला हवा, कारण मावशी रोज सकाळी चहाबरोबर हाच ई-पेपर उघडते.